मेथी काम करते, म्हणूनच ती डॉक्टरांना सांगायची

पत्र :

ताई, नमस्कार. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत, ९ वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी, रात्री नुसती मेटफॉर्मिन. दिवाळीनंतर समोरच्या बेननी त्यांना सांगितलं की मेथीने तीन महिन्यांत साखर जाते. तेव्हापासून त्या सकाळी दोन आणि रात्री दोन मोठे चमचे मेथीची पूड कोमट पाण्याबरोबर घेतात. उपाशीपोटीची साखर १६० वरून १२४ वर आली, तेव्हा खूश होऊन त्यांनी रात्रीची गोळी मनानेच बंद केली. मागच्या संकष्टीला संध्याकाळी आम्ही सूरसागरपाशी फिरत होतो. त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले. घरी आणून मशीनवर पाहिलं तर ५८. साखरपाणी दिल्यावर बऱ्या झाल्या. हल्ली त्यांच्या कपड्यांना आणि बाथरूममध्ये जळक्या साखरेसारखा गोड वास येतो, लघवीतून साखर जात असेल का? आणखी एक. नणंद सातव्या महिन्यात आहे, बाळंतपणाला इकडेच आली आहे. तिलाही आत्तापासून पूड द्यायची असं सासूबाईंनी ठरवलंय. मी काही बोलले की ‘मेथी काय विष आहे का?’ म्हणून रुसतात. मेथी बंद करायला सांगू का?

— एक सून, बडोदे

उत्तर :

त्या संध्याकाळी तुम्ही साखरपाणी दिलंत आणि ते वेळेत दिलंत, हे फार चांगलं झालं. फक्त पुन्हा असं झालं तर घरी पोचायची वाट बघू नका. सूरसागर ते दांडिया बाजार अंतर थोडं असलं तरी ५८ साखर असलेल्या माणसाला चालवत न्यायचं नसतं. जागेवरच बसवायचं, तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. ७० च्या वर गेली नसेल तर परत तेवढंच द्यायचं आणि मग काहीतरी खायला घालायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. सासूबाईंच्या पर्समध्ये उद्यापासून साखरेची पुडी असू द्या.

आता त्या दिवसाबद्दल. तुम्ही सगळा ठपका मेथीवर ठेवलाय असं पत्रावरून वाटतं, पण त्या दिवशी संकष्टी होती. म्हणजे सकाळी गोळी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत पोटात साबुदाणा, नाहीतर नुसता चहा. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. घरात उपास आहे की पुरणपोळी, हे तिला कळत नाही. जेवलात तरी ती इन्सुलिन सोडायला लावणार, नाही जेवलात तरी लावणार. त्यात संध्याकाळचं चालणं, आणि त्यात मेथी. तिघांनी मिळून साखर खाली ओढली.

आणि तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजीची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. सासूबाईंनी बंद केली ती रात्रीची मेटफॉर्मिन. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर एवढी खाली सहसा जात नाही. जी गोळी साखर पाडू शकते ती सकाळची, आणि ती चालूच राहिली. मनाने औषध कमी करताना हेच होतं. कुठली गोळी काय करते हे पाकिटावर बघून कळत नाही, हाताला येईल ती बंद होते. मी सव्वीस वर्षं बडोद्यात आहारसल्ला देते. मधुमेहाच्या घरांत ‘आता मेथी चालू आहे, गोळी कशाला’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की मी पेन खाली ठेवून आधी गोळ्यांचं पाकीट मागते.

तर पहिलं काम मेथीचं नाहीच. उद्या त्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि तीन गोष्टी सांगा : साखर ५८ झाली होती, रात्रीची गोळी बंद आहे, आणि मेथीची पूड इतके दिवस, इतकी चालू आहे. भेट होईपर्यंत पूड थांबवा, गोळ्यांत स्वतःहून आणखी काही बदल करू नका, आणि साखर सकाळी उपाशीपोटी व संध्याकाळी मोजून वहीत लिहा. भाजीतली, आमटीतली, थेपल्यातली मेथी खुशाल चालू द्या.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते, ‘मेथी काय विष आहे का?’ नाही. आणि ती नुसती समजूतही नाही. मेथी काम करते.

आज रात्री एक चमचा मेथी वाटीभर पाण्यात भिजत घाला. सकाळी त्यातला एक दाणा अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून चोळा. बोटांना बुळबुळीत चिकटा लागेल. तोच तिचा गुण. मेथीच्या दाण्यात निम्म्याच्या आसपास तंतू असतात, आणि त्यातला पाण्यात विरघळणारा भाग म्हणजे हा चिकटा. गॅलॅक्टोमॅनन हे त्याचं शास्त्रीय नाव. जेवणाबरोबर तो पोटात गेला की अन्नाचा लगदा दाट होतो, पोट सावकाश रिकामं होतं, आणि पोळीभातातली साखर रक्तात एकदम न चढता हळूहळू चढते. शिवाय मेथीत ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. ते इन्सुलिन सुटायला मदत करतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणजे चिकटा एका बाजूने काम करतो, हे दुसऱ्या बाजूने. ग्लिमेपिराइडही इन्सुलिनच सोडायला लावते, हे लक्षात घ्या. दोन्ही चालू असताना डॉक्टरांना एकीचाच पत्ता असेल, तर त्यांचा हिशेब चुकणारच.

यावर आपल्याकडे चांगलं काम झालेलं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. आर. डी. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास मधुमेहींना मेथी देऊन पाहिली. इन्सुलिनवर असलेल्या रुग्णांना दहा दिवस रोज १०० ग्रॅम, तेल काढून टाकलेली मेथीची पूड, निम्मी दुपारच्या आणि निम्मी रात्रीच्या जेवणात मिसळून दिली. उपाशीपोटीची साखर उतरली, लघवीतली साखरही कमी झाली. पुढे इन्सुलिनशिवाय चालणाऱ्या, म्हणजे टाइप २ मधुमेहात रोज २५ ग्रॅमवर काम झालं. हे वाचून सासूबाईंना आनंद होईल, आणि होऊ द्या. पण त्यांना दोन गोष्टी दाखवा. एक, मेथी जेवणात घातली होती, उपाशीपोटी कोमट पाण्याबरोबर नव्हती. दोन, रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली होते, साखर मोजली जात होती. आणि हे प्रयोग थोड्या लोकांवर झालेले आहेत. मेथीमुळे साखर काही प्रमाणात उतरते एवढं त्यातून म्हणता येतं. तीन महिन्यांत मधुमेह जातो, हे त्यातल्या कोणी म्हटलेलं नाही.

१६० वरून १२४ हा आकडाही एकट्या मेथीचा नसेल. दिवाळीच्या फराळानंतर साखर चढलेली असते आणि माणूस मनावर घेऊन काही सुरू करतो तेव्हा खाणंही आवरतं. उपाशीपोटीच्या एका आकड्याने समजत नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी करून घ्या.

मग किती मेथी घ्यायची? ‘दोन मोठे चमचे’ हे माप मला पुरत नाही, कारण प्रत्येक घरातला मोठा चमचा वेगळा असतो आणि शीग लावला की दीडपट होतो. मेथीचे दाणे सपाट लहान चमच्यात साधारण ४ ग्रॅम मावतात, मोठ्या चमच्यात ११ ग्रॅम. पूड असेल तर दाबून भरल्यावर फरक पडतो. चार मोठे चमचे म्हणजे ४० ग्रॅमच्या वर गेल्या असाव्यात, आणि तेही काही सवय नसताना. घरी स्वयंपाकाचा डिजिटल काटा असेल तर एकदा वजन करून बघाच, सासूबाईंसमोर. डॉक्टरांनी हो म्हटलं तर सपाट एका लहान चमच्याने सुरुवात करायची, तीही जेवणाबरोबर. भिजवलेले दाणे चालतील, पिठात मळून केलेली पोळी त्याहून बरी. आठवडाभर पोट कसं आहे बघायचं. गॅस, जुलाब, मळमळ झाली तर माप वाढवायचं नाही. वाढवायचं असेल तेव्हा गोळ्यांचा हिशेब डॉक्टरांनी पुन्हा मांडायचा.

कोरडी पूड तोंडात टाकून वर पाणी प्यायची सवय असेल तर ती सोडायला लावा. ती घशात फुगते, वयस्कर माणसाला ठसका लागून अडकू शकते. आणि तो चिकटा साखर अडवतो तसा औषधंही अडवू शकतो, म्हणून गोळ्या आणि मेथी यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची किंवा रक्तदाबाची गोळी असेल तर हे जास्त पाळा. घरात कोणी रक्त पातळ करण्याची वॉरफेरिनसारखी गोळी घेत असेल, तर त्या व्यक्तीने मेथीच्या पुडीला हात लावायच्या आधी विचारावं. वॉरफेरिन चालू असताना दुसऱ्या एका वनौषधीसोबत मेथी घेणाऱ्याचं रक्त जास्त पातळ झाल्याची नोंद आहे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी पूड बंद करायची. शेंगदाणा किंवा चण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी जपून, मेथी त्यांच्याच कुळातली आहे. यकृताला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. त्या थोड्या आहेत, पण डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर मेथी थांबवून तपासून घ्या.

बाजारात ‘शुगर चूर्ण’ म्हणून पुड्या मिळतात, त्या मात्र घरात आणू नका. मधुमेहाच्या अशा चूर्णांत साखरेची ॲलोपॅथिक गोळीच कुटून मिसळलेली सापडल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. खाणाऱ्याला वाटतं जडीबुटीचा गुण आला. मेथीच घ्यायची तर किराण्यातून अख्खे दाणे आणा, निवडा, मंद भाजा, घरी दळा.

वासाबद्दल घाबरू नका. मेथीत सोटोलॉन नावाचा सुगंधी पदार्थ असतो, पाक जरा जास्त शिजला की येतो तसा त्याचा वास. मेथी भरपूर खाल्ली की तोच घामातून आणि लघवीतून बाहेर पडतो. लघवीतून साखर जात असेल तर ती वासावरून ठरवायची नाही, तपासून बघायची. डॉक्टरांकडे जाणारच आहात, तेव्हा लघवीचीही तपासणी करून घ्या. पूड थांबवल्यावर दोन-चार दिवसांत वास गेला, तर तो मेथीचाच होता.

हा वास तुमच्या नणंदेच्या बाबतीत मात्र महत्त्वाचा आहे. नवजात बाळांना एक दुर्मीळ पण गंभीर चयापचयाचा आजार असतो, त्यात बाळाच्या लघवीला असाच गोड पाकासारखा वास येतो. आईने बाळंतपणाच्या सुमारास खूप मेथी खाल्ली तर निरोगी बाळालाही तसा वास येतो, आणि डॉक्टर दचकतात. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या टाचा टोचून रक्त काढायची वेळ मेथीमुळे यायला नको. म्हणून नणंदेने काय काय खाल्लंय ते प्रसूतीच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवा.

पण त्याआधी, सातव्या महिन्यात पूड द्यायची नाही. इथे माझं मत अगदी ठाम आहे. मेथी मोठ्या मापाने घेतली तर गर्भाशयाला आकुंचन येऊ शकतं. गरोदरपणात जेवणातल्यापेक्षा जास्त मेथी घेणं बाळासाठीही धोक्याचं ठरू शकतं. मेथीची भाजी, थेपला, आमटीत फोडणीला चार दाणे, लोणच्याच्या मसाल्यातली मेथी, हे सगळं चालेल. खंडेराव मार्केटमध्ये थंडीत मेथीच्या जुड्यांचे ढीग लागतात तेव्हा गरोदर मुलीला भाजी नाकारायची काही गरज नाही. चमच्याने पूड आणि कॅप्सूल मात्र नाही.

बाळंत झाल्यावर मेथीचे लाडू, आणि शेजारच्या बेनकडून हमखास येणारा मेथीपाक किंवा काटलू या गुजराती पौष्टिक गोडाची वाटी, यांचं काय? खाऊ द्या, एक लाडू, एका दिवशी. दूध वाढतं की नाही यावर छोटे प्रयोग झालेत आणि निकाल दोन्हीकडचे आहेत. दूध खरं वाढतं ते बाळाला वारंवार, रात्रीसुद्धा, अंगावर घेतल्याने आणि स्तन पुरते रिकामे झाल्याने. त्या जोडीला लाडू असेल तर आईला बरं वाटतं, पोटात तूप-डिंक जातं, तेही कमी नाही. बाळाला पातळ शी व्हायला लागली किंवा आईचं पोट बिघडलं तर चार दिवस लाडू बाजूला ठेवून बघा. नणंदेला गरोदरपणात साखर निघाली असेल तर मात्र लाडवाचं माप डॉक्टरांना विचारूनच.

लाडवावरून माझ्या आईची आठवण आली. मेथीची पूड ती चार दिवस तुपात भिजवायची. डब्याचं झाकण उघडलं की तो कडसर-गोड दरवळ माजघरात यायचा. रोज सकाळी ती बोटाच्या टोकाला लावून चाखायची, कडूपणा उतरला की मग गव्हाचं पीठ, डिंक, सुंठ. आईला मधुमेह निघाल्यावरही ती रोज दोन लाडू खायची, कारण ‘मेथीचे आहेत, ते साखरेला चालतात’. एकदा मी तिच्यासमोर बसून लाडवाचं सगळं साहित्य वजन केलं. गुळाचा ढीग मेथीच्या ढिगापेक्षा कितीतरी मोठा निघाला. ती काही बोलली नाही, बराच वेळ काट्याकडे बघत राहिली. पुढच्या हिवाळ्यात तिने बिनगुळाच्या मेथीच्या पोळ्या केल्या आणि लाडू आमच्यासाठी केले. सांगून जे पटलं नसतं ते काट्याने पटलं, म्हणून तुम्हालाही काटा काढायला सांगितला.

मोड आलेल्या मेथीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात गरोदर मुलगी आहे म्हणून सांगते. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय जिवाणूची मोठी साथ आली, पन्नासहून अधिक माणसं दगावली. तपास इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांच्या कच्च्या मोडांपर्यंत पोचला. मोड आणायला लागणारा ओलावा आणि ऊब जिवाणूंनाही मानवते. मेथीला मोड आणून उसळ करायची आपली पद्धत आहे, ती शिजवून. तशीच ठेवा. कोशिंबिरीवर कच्चे मोड भुरभुरू नका.

आता रुसण्याबद्दल. सासूबाईंनी मेथी सुरू केली ती आपला आजार आपल्या हातात घ्यावा म्हणून. नऊ वर्षं गोळ्या गिळणाऱ्या माणसाला स्वतः काही केल्याने आकडा उतरलेला दिसला की केवढी उभारी येते! ती मोडू नका. ‘मेथी बंद करा’ असं म्हटलंत तर त्या लपवून घेतील, आणि लपवलेली मेथी सगळ्यात धोक्याची, कारण मग गोळीचं माप ठरवताना डॉक्टरांना काहीच कळणार नाही. ‘आई, मेथीने खरंच गुण आलाय, आता डॉक्टरांना सांगू या, म्हणजे ते तिच्या हिशेबाने गोळी ठरवतील’ असं म्हणा. यात खोटं एक अक्षर नाही. डॉक्टर कदाचित ग्लिमेपिराइड कमी करतील, कदाचित मेटफॉर्मिन परत लावतील, कदाचित मेथी जेवणापुरतीच ठेवायला सांगतील. उपासाच्या दिवशी सकाळच्या गोळीचं काय करायचं हेही त्याच भेटीत लिहून घ्या. पुढची संकष्टी महिन्याच्या आत येतेच.

भेटीला जाताना वही, गोळ्यांची पाकिटं, आणि मेथीची बरणी तिच्यातल्या चमच्यासकट पिशवीत घाला. चमचा सासूबाईंनाच टेबलावर ठेवू द्या आणि किती घेत होतात ते त्यांनाच सांगू द्या.